लिफ्टसाठी सहा टन

माझ्या नाकावर राग असतो असं माझी आई म्हणायची, आणि त्यात काही खोटं नाही. पण सिअॅटलच्या ऑफिसात बारा पुरुषांसमोर मी टेबलावर हात आपटला, तो नुसता राग नव्हता. त्याला कारण होतं, आणि ते कारण म्हणजे एक लिफ्ट. सगळं सांगते, फक्त मधे तोडू नका. मला ते चालत नाही.

मी प्रतिमा पांढरीपांडे. मूळची नागपूरची, धरमपेठेतली. गणितात एमएस्सी केलं, पाच वर्षं कॉलेजात शिकवलं, आणि बहात्तर साली ह्यांच्याबरोबर अमेरिकेत आले. हे म्हणजे गिरीश, विमानाच्या कंपनीत इंजिनिअर. आम्ही सिअॅटलशेजारी बेलव्ह्यूला राहतो. पहिली अकरा वर्षं मी पोळ्या लाटल्या, कांचनला वाढवलं, मंडळाच्या गणपतीला शंभर माणसांचा मसालेभात केला, आणि घरात बसून बसून इतकी चिडचिडी झाले की एक दिवस ह्यांनीच कम्युनिटी कॉलेजचा फॉर्म आणून माझ्यापुढे ठेवला. म्हणाले, "भर हा. नाहीतर तू मला तरी खाशील नाहीतर स्वतःला." तिथे ड्राफ्टिंग, म्हणजे आराखडे काढायला शिकले आणि त्र्याऐंशी साली जहाजांची डिझाइनं करणाऱ्या एका ऑफिसात मला नोकरी लागली. पांढरीपांडे कुणाच्या तोंडात बसेना, म्हणून मी तिथे सगळ्यांची मिसेस पी झाले.

काम कसलं, तर वजनांचं. जहाज काही काट्यावर ठेवून तोलता येत नाही. ते बांधायच्या आधी कागदावर तोलावं लागतं. प्रत्येक पत्रा, पाइप, दार, खुर्ची, दिवा, रंगाचा हात, सगळ्याची एकेक ओळ लिहायची: वजन किती, आणि ते तळापासून किती उंचीवर. एकूण वजन जास्त झालं की बोट खोल बसते. तेच वजन उंचावर गेलं की ती डगमगते. एवढं कळलं की माझं काम कळलं.

त्याच वर्षी आमच्याकडे मोठं काम आलं. साउंडचं, म्हणजे सिअॅटलसमोरच्या खाडीचं, पाणी ओलांडून बेटावर जाणारी नवी फेरीबोट, शंभर गाड्या आणि बाराशे माणसं नेणारी. दोन्ही टोकं सारखी, म्हणजे बोटीला वळावं लागत नाही, गाड्या एका टोकाने चढतात आणि दुसऱ्याने उतरतात. खाली गाड्यांचा डेक. वर माणसांची केबिन, मोठमोठ्या काचा, बाकं, कॉफीचा काउंटर. खालून वर जायला उभे, अरुंद जिने. आणि डिझाइनमध्ये एक लिफ्टही होती. करारात तिच्यापुढे लिहिलं होतं, 'वजनात बसली तर.'

आता ह्यांच्या पायाचं सांगते. ह्यांच्या डाव्या पायाला लहानपणी पोलिओ झालेला. कॅलिपर लावून, काठी घेऊन हे सगळीकडे जातात. इथल्या गाड्यांना क्लच नसतो, डावा पाय लागतच नाही, त्यामुळे ड्रायव्हिंगची ह्यांना कोण हौस. पण फेरीचा जिना हा वेगळाच प्रकार. शहात्तर साली आम्ही पहिल्यांदा फेरीने गेलो तेव्हा हे चढायला गेले. चौथ्या पायरीवर बोट हलली, पाय सटकला, हाताचं कातडं सोललं आणि एका अनोळखी माणसाने ह्यांना काखेत धरून उचललं. ते धरणं ह्यांना लागलं, हात नाही. त्यानंतर फेरीत शिरलं की हे पेपर उघडायचे. "तुम्ही दोघी जा वर, मला पेपर वाचायचाय." दर वेळी. खालच्या त्या अंधाऱ्या डेकवर, डिझेलच्या वासात, गाडीच्या काचा लावून. बारा मैल दूरचा डोंगर ओळखणारा माणूस, आणि समोर दुसऱ्याच्या गाडीची डिकी.

मी कधी काही बोलले नाही. बोलायचं तरी काय?

तर पंच्याऐंशीच्या जानेवारीत मीटिंग भरली. मिस्टर हॅल्व्हरसन आमचे मुख्य इंजिनिअर. साठीचे, घराणं नॉर्वेकडचं, बोलायला अतिशय कंजूस. त्यांनी माझ्या वहीतला आकडा फळ्यावर लिहिला. गाड्या, माणसं आणि तेल सोडून नुसत्या बोटीचं वजन अठराशे एकाहत्तर टन. करारातली मर्यादा अठराशे चाळीस. म्हणजे एकतीस टन जास्त. मग त्यांनी काय काय काढायचं त्याची यादी लिहायला घेतली, आणि पहिल्याच ओळीवर लिहिलं: लिफ्ट, सहा टन.

"जिने आहेत," ते म्हणाले. "लोक चढतील."

तेव्हा मी हात आपटला. चहाचा कप उडाला. मी म्हटलं, "मिस्टर हॅल्व्हरसन, आपल्या हिशोबात बाराशे माणसं आहेत. प्रत्येकी एकशे पासष्ट पौंड, आणि सगळीच्या सगळी वरच्या डेकवर. हो ना? त्यातला एक माझा नवरा आहे. तो वर कधीच गेलेला नाही. त्याला जिना चढता येत नाही. कागदावर मात्र आपण त्याला वर बसवून ठेवलाय, कारण ते आपल्याला सोयीचं आहे."

 आणि तिथेच माझी पंचाईत झाली. ह्यांच्या पायाविषयी मी घरातसुद्धा मोठ्याने बोलत नाही, आणि इथे बारा परक्या माणसांपुढे बोलून बसले. ह्यांना कळलं असतं तर आठ दिवस अबोला झाला असता. उचलली जीभ, लावली टाळ्याला. शरमेने माझे कान तापले.

हॅल्व्हरसननी खडू खाली ठेवला. "ही तुमची वही आहे," ते म्हणाले. "तिच्यात एकतीस टन शोधून दाखवा. एप्रिलपर्यंत वेळ आहे. पत्रा पातळ करायचा नाही, लाइफबोट काढायची नाही."

घरी आले आणि ह्यांना काहीच सांगितलं नाही. लिफ्ट आहे हे सांगायचं, आणि मग ती राहिली नाही तर? नकोच ते. एकदा वर बोलावून पुन्हा खाली बसवायचं पाप मला नको होतं.

दुसऱ्या दिवसापासून मी एकेका टेबलाशी जाऊन बसले. आणि मला आठ दिवसांत एक गोष्ट कळली, जी कुठल्याही पुस्तकात नाही. प्रत्येक माणूस हातचं राखून आकडा देतो. वायरिंगवाल्याने दहा टक्के वर धरलेले, न जाणो वायर जास्त लागली तर. पाइपवाल्याने आठ टक्के. खुर्च्यांवाल्याने तर चाळीस खुर्च्या जास्तच लावल्या होत्या. आणि कबूल कोण करणार? विचारलं की सगळे साधुसंत. मग मी म्हटलं, थांबा, मी तोलूनच बघते. ज्या दुकानातून खुर्च्या येणार होत्या तिथे जाऊन एक खुर्ची बाथरूमच्या काट्यावर ठेवली. दार तोललं. वायरचं भेंडोळं तोललं. शितावरून भाताची परीक्षा करायची आपल्याला सवयच असते. एकेकाच्या टेबलावर खरा आकडा नेऊन ठेवला आणि म्हटलं, आता सही करा. करतील नाहीतर काय. मार्चपर्यंत चौदा टन सुटले.

चौदा. अजून सतरा हवे होते, आणि मला कुठे काही सापडेना. मी सगळ्यांवर इतकी वैतागले होते की घरी कांचनवरही डाफरायला लागले. ती पंधरा वर्षांची, तिच्या तोंडाला कोण लागणार. "मॉम, इट्स जस्ट अ बोट," म्हणाली आणि खोलीचं दार लावून घेतलं.

त्या शनिवारी मंडळाची वीस माणसं जेवायला होती. मी डाळ मोजून पातेल्यात घातली आणि वर एक मूठ टाकली. शेजारी मंडळाच्या सुलभाकाकू कांदा चिरत होत्या. हसून म्हणाल्या, "अगं प्रतिमा, मोजलीस कशाला मग, शेवटी मूठ टाकायचीच होती तर?"

मी डाळीकडे बघत उभी राहिले. मग गॅस बंद केला, वरच्या खोलीत गेले आणि ऑफिसातून आणलेली वही उघडली. सगळ्या ओळी दहाने भाग जाणाऱ्या. सगळ्या. त्रेपन्न पौंडांच्या दाराला मी साठ लिहिलेले. एकशे बारा पौंडांच्या पंपाला एकशे वीस. दोन वर्षं मी प्रत्येक आकडा पुढच्या दहावर नेत होते, डोळे मिटून, कुणी न सांगता. कमी पडायला नको, बस. पाहुण्यांच्या पानात वाढताना आपला हात कसा आपोआप थोडा जास्तच पडतो, तसं. वहीत सात हजार ओळी होत्या. प्रत्येक ओळीत सरासरी पाच पौंड धरा. थेंबे थेंबे तळे साचे, म्हणजे पंधरा टन.

बाप्पा! दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ मी दोन महिने चिमट्याने काढत फिरले होते, आणि माझ्या डोळ्यातलं मुसळ पंधरा टनांचं. हसू आलं, आणि खरं सांगते, रडूही आलं. खाली वीस माणसं ताटकळलेली. सुलभाकाकूंनीच वरण उकळलं.

सोमवारी हॅल्व्हरसनसमोर वही ठेवली आणि सगळं सांगितलं. चुकीची कबुली द्यायला मला फार जड जातं, पण दिली. त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा पुसला. "म्हणजे तुम्ही सगळ्यांचं हातचं काढून घेतलंत, आणि सगळ्यांत मोठं तुमच्याकडेच होतं."

"हो. पण तुमचंही आहे," मी म्हटलं. "शेवटच्या पानावर वर धरलेले दोन टक्के. ते काढलं तर प्रश्नच मिटतो."

"ते माझं नाही, मिसेस पी. ते समुद्राचं आहे. त्याला हात लावायचा नाही." हे त्यांनी इतक्या शांतपणे सांगितलं की मी ते पान मिटून टाकलं.

एकूण अठराशे बेचाळीस. अजून दोन टन जास्तच. मग त्यांनीच एक तोड काढली. लिफ्टचं भुयार, म्हणजे तिचा उभा चौकोनी बोगदा, बोटीत बांधून घ्यायचा. लिफ्ट आणि तिचं मशीन मात्र धक्क्यावर ठेवायचं. बोट पाण्यात तयार झाली की तिची परीक्षा घेतात, खरं वजन तेव्हा कळतं. त्या दिवशी लिफ्टशिवाय अठराशे चौतीस किंवा खाली भरलं, तर लिफ्ट बसेल. एक टन जरी जास्त झालं, तर भुयाराला वरून पत्रा वेल्ड करून बंद.

"आणि एक लक्षात ठेवा," ते म्हणाले. "बांधायला यार्डात गेलेली बोट बारीक होऊन आलेली मी चाळीस वर्षांत पाहिलेली नाही."

ती काय बारीक होत नाही ते बघतेच, म्हटलं मनात.

पुढची दीड वर्षं आठवड्यातून दोनदा मी यार्डात. डोक्यावर हेल्मेट, पायात लोखंडी टोकाचे बूट, पर्समध्ये दुपारचा पोळीभाजीचा डबा. तिथला फोरमन रे नावाचा, अंगाने दरवाजाएवढा. पहिल्या दिवशी त्याने मला ऑफिसात बसून कॉफी प्यायला सांगितलं. मी त्याला म्हटलं, कॉफी तू पी, मला काटा कुठे आहे ते दाखव. वेल्डिंगच्या ठिणग्या, ग्राइंडरची कर्कश किंचाळी, आणि त्यातून मी पाटी घेऊन फिरतेय. आधी लोक हसायचे. मग मी आले की रंगवाले तिसरा हात अर्ध्यात सोडायचे, कारण त्यांना माहीत होतं, ही बाई रिकामे डबे मोजते. घरात एकच पोर, त्यामुळे ओरडायची हौस राहून गेली होती, ती मी यार्डात फेडून घेतली. आणि मजा म्हणजे त्यांना ते आवडायला लागलं. माझ्या डब्यातली मेथीची भाजी रेला इतकी आवडली की शुक्रवारी मी दोन डबे न्यायला लागले.

एकदाच आमचं खरं वाजलं. वरच्या केबिनमध्ये फरशीखाली सपाटीसाठी सिमेंटसारखा मसाला ओततात. पाव इंच ओतायचा होता. मी ओल्या मसाल्यात पर्समधली क्रोशाची सुई खुपसली, तर अर्ध्या इंचाची खूण.

"लेव्हल व्हायला हवं ना," रे म्हणाला.

"पत्रे वाकडे बसवलेत म्हणून मसाला ओतून सरळ करताय. दिसतंय मला. पूर्ण केबिनला असं केलंत तर साडेपाच टन जास्त होतील, आणि तेही सगळ्यात वर."

"कुणाच्या लक्षात येणार आहे?"

"बोटीच्या येईल," मी म्हटलं. तो तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटला, मी त्याचा अर्थ विचारला नाही. पण ओतलेलं खरवडलं गेलं, आणि पत्रे घासून बाकीचं काम पाव इंचात झालं. पुढच्या शुक्रवारी मी मेथी नेली नाही. त्याच्या पुढच्या शुक्रवारी नेली.

सत्त्याऐंशीच्या मार्चमध्ये परीक्षेचा दिवस ठरला. पहाटेपासून वारा पडलेला, पाणी अगदी स्थिर. यासाठी तसाच दिवस लागतो. बोटीचे दोर सैल सोडतात, कामगारांना उतरवतात, मग ठरावीक वजनाचे लोखंडी ठोकळे डेकवर या बाजूकडून त्या बाजूला सरकवतात. बोट जराशी कलते. किती कलते ते बघायला उंचावरून ओळंबा सोडतात, खाली तेलाच्या बादलीत, म्हणजे तो झुलत राहत नाही. ओळंब्याच्या हलण्यावरून वजन किती उंचीवर आहे ते निघतं, आणि बोट किती खोल बसली यावरून वजन किती ते. लांब ओळंब्याला सरळ उभी मोकळी जागा हवी, आणि सगळ्या बोटीत तशी जागा एकच होती: लिफ्टचं रिकामं भुयार. तिथेच तो टांगला.

मी खाली बादलीशी वाकून पट्टीवरचे आकडे वाचत होते.  एवढी सात हजार ओळींची वही, आणि तिचा निकाल त्या ओळंब्याच्या तारेवर. हॅल्व्हरसन बाहेर छोट्या होडीतून बोटीच्या अंगावरच्या खुणा वाचून आले. मग आम्ही तिथेच एका पिंपावर कागद पसरून हिशोब केला.

अठराशे पंचेचाळीस.

"बोटीवर अजून काय काय आहे जे बोटीचं नाही?" त्यांनी विचारलं. ती यादी माझ्याकडे तयार होती. आदल्या दिवशी मी सगळी बोट पायाखाली घातली होती. परांची, हत्यारांच्या पेट्या, रबरी नळ्या, रंगाचे डबे, लोखंडी ठोकळे, आम्ही माणसं. सगळे मिळून नऊ टन. वजा केले.

अठराशे छत्तीस.

दोन टन जास्त. हॅल्व्हरसननी पेन्सिल खाली ठेवली. "मिसेस पी," ते म्हणाले, "मी इतकं जवळ आलेलं कधी पाहिलं नाही. तुम्ही उत्तम काम केलंत. खरंच." त्या माणसाने चार वर्षांत माझं केलेलं हे पहिलं कौतुक, आणि मला ते नको होतं. मला दोन टन हवे होते.  घरी हे काही मला कधी विचारणार नव्हते, ह्यांना माहीतच नव्हतं. पण मला माहीत होतं ना.

मी म्हटलं, "मला पुन्हा एकदा फिरू द्या."

"मिसेस पी."

"एक तास."

तळापासून सुरू केलं. टॉर्च घेऊन एकेक खोली. तेलाच्या टाक्या रिकाम्या, पाहिल्या होत्या. पिण्याच्या पाण्याची रिकामी. मग संडासाच्या मैल्याच्या टाकीशी आले. यादीत तिच्यापुढे 'रिकामी' लिहिलं होतं, आणि ते मी रेच्या तोंडचं ऐकून लिहिलं होतं, कारण संडासाच्या टाकीत कोण डोकावणार. आपल्यात मडकंसुद्धा वाजवून घेतात. मी बोटातल्या अंगठीने टाकी वाजवली. वरच्या बाजूला ठणठण. खाली वाजवली. बद्द.

रेला हाक मारली. तो वाकून आला, त्याने वाजवली, आणि त्याचा चेहरा पडला. तीन दिवसांपूर्वी प्लंबरनी सगळे संडास पाणी सोडून तपासले होते. ते पाणी गेलं कुठे, तर टाकीत. ती रिकामी करायची राहून गेली. सहाशे गॅलन स्वच्छ पाणी. सव्वादोन टन.

हॅल्व्हरसन स्वतः खाली आले. त्यांनी टाकीवरची रंगाने माखलेली काच पुसून पातळी वाचली, हिशोब केला, पुन्हा केला. सव्वादोन टन वजा जाता आम्ही मर्यादेच्या जेमतेम पाच-सहाशे पौंड खाली होतो.

"मोजण्यातली चूकच टनभराची असते," ते म्हणाले. "हे तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे." खोटं कसं बोलणार.

त्यांनी ओळंब्याचे आकडे पुन्हा चाळले. "पण वजनाचा मध्य तुम्ही म्हणालात त्याच्यापेक्षा दीड इंच खाली आहे. बोट आपण समजत होतो त्याहून स्थिर आहे." मग खिशातून पेन काढून त्यांनी कागदावर सही केली, आणि रेला म्हणाले, "धक्क्यावरची लिफ्ट आत घ्या." रेने मला पाठीवर अशी थाप मारली की हेल्मेट नाकावर आलं.

मे महिन्यात फेरी सुरू झाली. पहिल्या रविवारी मी ह्यांना म्हटलं, चला, माझी बोट बघायला. हे आनंदाने निघाले. कांचनही आली, मागच्या सीटवर हेडफोन लावून. आम्ही गाड्यांच्या डेकवर चढलो, ह्यांनी गाडी लावली, इंजिन बंद केलं आणि म्हणाले, "छान आहे गं. उजेड बराच आहे. तू ये वर जाऊन."

मी म्हटलं, "उतरा."

"अगं, मी इथे..."

"उतरा हो जरा."

कांचन हेडफोन न काढता गाडीतच बसून राहिली. लिफ्टपाशी रांग होती. मी रांगेची कल्पनाच केली नव्हती. चाकाची खुर्ची घेतलेला एक म्हातारा, बाबागाडीवाली आई, गुडघ्याला पट्टी बांधलेली एक बाई, ऑक्सिजनची नळी लावलेला एक गृहस्थ आणि त्याची बायको. ही सगळी माणसं इतकी वर्षं कुठे होती? खालीच होती. आमच्याच आजूबाजूच्या गाड्यांत, काचा लावून. ह्यांनी रांग पाहिली, दारावरचं बटण पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.  आमची पाळी आली तेव्हा हे आधी मला आत जाऊ देत होते. मी ह्यांना पुढे ढकललं.

वर स्वच्छ ऊन होतं. हे काचेशी जाऊन उभे राहिले, काठी रेलिंगला टेकवली. समोर ऑलिंपिकच्या डोंगरांची बर्फाची रांग, मागे सिअॅटल, आणि दक्षिणेला सगळा रेनियर पर्वत, पायथ्यापासून शेंड्यापर्यंत. पाण्यावर सीगल. हे कितीतरी वेळ बघत राहिले. मी शेजारी उभी. मला वाटलं, हे वजनाबद्दल काही विचारतील. इंजिनिअर माणूस.

हे म्हणाले, "दर वेळी खाली येऊन तू मला काय सांगायचीस?"

मी रेलिंगची काठी उगाच सरळ केली.

"काही नाही म्हणायचीस वर. नुसता गारठा, आणि ढगांत काही दिसतही नाही."

"हो."

"अकरा वर्षं."

"हो," मी म्हटलं. "खोटं सांगायचे." आणि मला रडू फुटलं, सगळ्या लोकांत. आकड्यात पौंडाची चूक न खपवून घेणारी मी.

"मला ठाऊक होतं," हे म्हणाले. "तुझा चेहरा सांगायचा. वरून आलीस की लख्ख दिसायचीस." मग माझा हात धरून म्हणाले, "पण तू इतक्या मायेने खोटं बोलायचीस, मला ते मोडवेना."

बोट बेटाला लागली. ड्रायव्हरनी आपापल्या गाडीत जावं अशी सूचना झाली, दुसऱ्यांदा झाली. लोक खाली गेले. आमची गाडी पहिल्या रांगेत होती आणि तिच्या मागे पन्नास गाड्या. मी म्हटलं, "अहो, चला, आपल्यामुळे अडलेत सगळे."

"एक मिनिट," हे म्हणाले. डोंगरावरून नजर काढायला तयार नाहीत.

खालून हॉर्न वाजायला लागले. एक, मग चार, मग सगळेच. मी पुन्हा घाई केली नाही. आम्ही दोघं तिथेच उभे होतो.